विमानतळ तयार, माणसांचे काय?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरील नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. सुमारे ४७५ कोटी रुपये खर्चून उभारलेली ही इमारत वर्षाला ९० लाख प्रवाशांची ये-जा पेलू शकेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. प्रत्यक्षात तेथून प्रवासी विमानात बसू लागले ते १४ जुलैपासून. मधले १२६ दिवस ही प्रशस्त इमारत रिकामी उभी होती आणि शेजारच्या जुन्या टर्मिनलमध्ये प्रवासी दाटीवाटीने रांगा लावत होते. बांधकाम उरकले होते, फीतही कापून झाली होती. अडले होते ते प्रामुख्याने सुरक्षा तपासणीच्या मनुष्यबळावर. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, म्हणजे सीआयएसएफच्या, दोनशेहून अधिक वाढीव जवानांना गृह मंत्रालयाची मंजुरी मिळाल्यानंतरच नव्या टर्मिनलचे दरवाजे खऱ्या अर्थाने उघडले.

देशात विमानतळांच्या विस्ताराचा जो धडाका गेल्या दशकात सुरू झाला, त्याची दुखरी नस या एका उदाहरणातून हाती लागते. २०१४ मध्ये देशात नियमित प्रवासी वाहतूक असलेले ७४ विमानतळ होते. २०२५ पर्यंत ही संख्या दीडशेच्या पुढे गेली. २०१९-२० ते २०२४-२५ या काळात सरकारी व खासगी मिळून ९० हजार कोटी रुपयांहून अधिक भांडवली खर्चाचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले. सिमेंट, पोलाद आणि काच यांचा हिशेब त्यात काटेकोरपणे मांडला गेला. परंतु ही यंत्रणा चालवणाऱ्या माणसांचा हिशेब मात्र वेगळ्या फायलीत, वेगळ्या मंत्रालयात आणि बहुतेकदा उशिरा मांडला जातो. विस्तार प्रकल्पांचा विलंब आणि मनुष्यबळाची टंचाई हे दोन स्वतंत्र प्रश्न समजले जातात. वस्तुतः ते एकमेकांना जन्म देणारे प्रश्न आहेत.

एक टर्मिनल, अनेक खाती

विमानतळावर पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाला तेथील सगळे गणवेशधारी एकाच यंत्रणेचे वाटतात. वस्तुस्थिती तशी नाही. दारावर ओळखपत्र पाहणारा आणि आत अंगझडती घेणारा जवान सीआयएसएफचा, म्हणजे गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला. पारपत्रावर शिक्का मारणारा अधिकारीही गृह मंत्रालयाचाच, पण वेगळ्या विभागाचा. सीमाशुल्क अधिकारी अर्थ मंत्रालयाचा, विमानतळ आरोग्य अधिकारी आरोग्य मंत्रालयाचा, हवामानाचा अंदाज देणारा कर्मचारी हवामान खात्याचा. विमानतळ खासगी कंपनीकडे असला तरी मनोऱ्यातील हवाई वाहतूक नियंत्रक साधारणतः भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा असतो. लोहगावसारख्या ठिकाणी ते काम हवाई दल करते. बॅगा वाहणारे, विमानाला शिडी लावणारे आणि केबिन झाडणारे कामगार 'ग्राउंड हँडलिंग' कंपन्यांचे, बहुधा कंत्राटी.

एवढ्या खात्यांपैकी एकाचेही मनुष्यबळ वेळेवर आले नाही, तर कोट्यवधींची इमारत खोळंबते. टर्मिनल बांधणाऱ्या कंत्राटदाराला मुदत असते आणि ती चुकली तर दंडाची तरतूद असते. पदे मंजूर करणाऱ्या खात्याला मात्र अशी कोणतीही मुदत बांधलेली नसते. प्रस्ताव जातो, त्रुटी काढल्या जातात, फाईल परत येते, पुन्हा जाते. दरम्यान इमारतीचा रंगही वाळून गेलेला असतो.

दुसरा मुद्दा प्रशिक्षणाचा. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बॅगेतील वस्तू ओळखणाऱ्या जवानाला त्या कामाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. विमानतळाच्या सुरक्षित क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो सफाई कामगार का असेना, पार्श्वभूमी तपासली जाते आणि नंतरच त्याला नागरी हवाई सुरक्षा विभागाचा प्रवेश परवाना मिळतो. हवाई वाहतूक नियंत्रकाची गोष्ट तर आणखी निराळी. प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियातील केंद्रात प्राथमिक प्रशिक्षण झाल्यावर प्रत्यक्ष मनोऱ्यात अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली सराव करावा लागतो व त्या विशिष्ट ठिकाणासाठीची पात्रता मिळवावी लागते. एका विमानतळावर दहा वर्षे काम केलेला नियंत्रक दुसऱ्या विमानतळावर गेला, तर त्याला तेथील पात्रता नव्याने मिळवावी लागते. म्हणजेच ही माणसे बाजारातून आयत्या वेळी आणता येणारी वस्तू नव्हे. धावपट्टीप्रमाणेच तीही 'बांधावी' लागतात आणि त्यालाही काळ लागतो.

नवी मुंबईचा धडा

रखडण्याच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ नवी मुंबई विमानतळाएवढे मोठे उदाहरण दुसरे नाही. केंद्राने या प्रकल्पाला २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पर्यावरणविषयक परवानगी यायला नोव्हेंबर २०१० उजाडला. उलवे टेकडी कापणे, उलवे नदीचा प्रवाह वळवणे, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या हलवणे आणि दहा गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन अशी कामांची लांबलचक यादी पुढ्यात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये निविदा जीव्हीके समूहाला मिळाली, १८ फेब्रुवारी २०१८ रोजी भूमिपूजन झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये पहिले विमान उडेल, असे जाहीर करण्यात आले. ते झाले नाही. करोनाची साथ आली, २०२१ मध्ये प्रकल्पाची सूत्रे अदानी समूहाकडे गेली, मुदती पुढे सरकत राहिल्या. अखेर ३० सप्टेंबर २०२५ रोजी विमानतळाला परवाना मिळाला, ८ ऑक्टोबरला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्याचा खर्च १९ हजार ६५० कोटी रुपये आणि क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी.

येथेही उद्घाटन आणि पहिले उड्डाण यांत ७८ दिवसांचे अंतर होते. परंतु हे अंतर आणि पुण्यातील अंतर यांत गुणात्मक फरक आहे. पुण्यात बहुतांश काळ मंजुरीची वाट पाहण्यात गेला. नवी मुंबईत ऑक्टोबरच्या अखेरीस सीआयएसएफने सुरक्षेचा ताबा घेतला, स्वयंसेवकांना प्रवासी बनवून चाचण्या घेण्यात आल्या आणि सुरुवातीला सकाळी आठ ते रात्री आठ असे बारा तासच विमानतळ चालवायचे ठरले. पहिल्या महिन्यात दिवसाला २३ उड्डाणे, नंतर चोवीस तास सेवा आणि उड्डाणांत वाढ, असा टप्प्याटप्प्याचा आराखडा जाहीर झाला. दोन कोटी क्षमतेच्या विमानतळाने एवढ्या अल्प संख्येने सुरुवात करावी, यावर काहींनी नाके मुरडली. पण नव्या इमारतीत नव्या माणसांच्या हाती पहिल्याच दिवशी पूर्ण भार न देणे, हे शहाणपणाचेच होते.

अर्थात, अठरा वर्षांच्या विलंबाची किंमत मुंबईकरांनी मोजलीच. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकाच धावपट्टीवर काम चालते. अशा विमानतळाने ११ नोव्हेंबर २०२३ रोजी चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा हाताळली. विक्रम म्हणून त्याचे कौतुक झाले; पण त्यामागे मनोऱ्यातील नियंत्रकांवर आणि जमिनीवरील कर्मचाऱ्यांवर किती ताण असेल, याची चर्चा फारशी झाली नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रालाच हस्तक्षेप करावा लागला आणि गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ विमानांची मर्यादा घालण्यात आली. एक प्रकल्प रखडला की शेजारच्या प्रकल्पातील माणसे अधिक घासली जातात, हे यातून दिसते.

विलंब गिळतो सरावाचे दिवस

बांधकामाचा उशीर आणि मनुष्यबळाची अपुरी तयारी यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे दिसले ते लंडनमध्ये. हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल ४.३ अब्ज पौंड खर्चून उभारले गेले आणि ठरलेल्या दिवशी, २७ मार्च २००८ रोजी, सुरू झाले. दिलेल्या मुदतीत पूर्ण झालेला आदर्श प्रकल्प म्हणून त्याचा गौरव होत होता. पण पहिल्याच सकाळी कर्मचाऱ्यांना वाहने उभी करायला जागा सापडेना, त्यांच्या स्वतःच्या सुरक्षा तपासणीपुढे रांगा लागल्या आणि बॅगा हाताळणाऱ्यांना संगणक प्रणालीत प्रवेश मिळेना. पहिल्या काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द झाली, हजारो बॅगा मालकांपासून दुरावल्या.

ब्रिटिश संसदेच्या परिवहन समितीने त्याची चौकशी केली. त्यातून पुढे आलेली गोष्ट प्रत्येक विमानतळ नियोजकाने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. इमारतीची कामे लांबली, त्यामुळे चाचण्या आणि कर्मचाऱ्यांचा परिचय-सराव यांसाठी राखून ठेवलेले दिवस कापले गेले. उद्घाटनाची तारीख मात्र तीच राहिली. ब्रिटिश एअरवेजचे तत्कालीन प्रमुख विली वॉल्श यांनीही चाचण्यांशी केलेली ही तडजोड मान्य केली. विलंब कागदावर दिसला नाही, कारण तो कर्मचाऱ्यांच्या तयारीतून वसूल करण्यात आला होता.

बर्लिनचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. ब्रांडेनबुर्ग विमानतळ ३ जून २०१२ रोजी सुरू व्हायचा होता. महिनाही उरला नसताना आगीच्या वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणा सदोष असल्याचे कारण देऊन ते लांबणीवर टाकण्यात आले. तत्पूर्वी स्वयंचलित यंत्रणेतील उणीव भरून काढण्यासाठी सुमारे ७०० माणसे दारांपाशी उभी करण्याचाही विचार झाला होता. यंत्राचे अपयश माणसांच्या गर्दीने झाकण्याचा तो केविलवाणा प्रयत्न होता आणि तो फेटाळला गेला, हे बरेच झाले. परंतु नव्या विमानतळाच्या भरवशावर ज्या व्यावसायिकांनी माल भरला, कर्मचारी नेमले, त्यांचे नुकसान झाले. तो विमानतळ अखेर ३१ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे आठ वर्षांहून अधिक उशिराने उघडला.

ही दोन उदाहरणे एकत्र पाहिली म्हणजे व्यवस्थापनापुढील पेच ध्यानात येतो. माणसे उशिरा नेमली तर हीथ्रो होते. लवकर नेमली आणि बांधकाम लांबले तर बर्लिन होते. सरकारी खाती आधी पदे मंजूर करायला का कचरतात, याचे उत्तरही यात आहे. मुदती पाळल्या जाणारच नाहीत, असा त्यांचा अनुभव असेल, तर रिकाम्या इमारतीसाठी शेकडो जणांचा पगार सुरू करण्याची जोखीम कोण घेणार? म्हणजेच बांधकामाच्या तारखांवरचा अविश्वास मनुष्यबळाला उशीर करतो आणि मनुष्यबळाचा उशीर तयार इमारतीला कुलूप लावतो.

रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

नव्या विमानतळांना माणसे कमी पडतात, कारण जुन्या यंत्रणेतच ती पुरेशी नाहीत. परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक संसदीय स्थायी समितीने मार्च २०२५ मध्ये सादर केलेल्या अहवालात नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय अर्थात डीजीसीएमध्ये ५३ टक्क्यांहून अधिक, नागरी हवाई सुरक्षा विभागात ३५ टक्के आणि विमानतळ प्राधिकरणात १७ टक्के पदे रिक्त असल्याकडे लक्ष वेधले. अहमदाबादमध्ये १२ जून २०२५ रोजी झालेल्या एअर इंडियाच्या विमान दुर्घटनेनंतर ऑगस्टमध्ये आलेल्या दुसऱ्या अहवालात समितीने पुन्हा हाच सूर लावला. डीजीसीएच्या मंजूर १,०६३ पदांपैकी केवळ ५५३ भरलेली असल्याचे नमूद करून हवाई वाहतूक नियंत्रकांची अपुरी संख्या व त्यातून येणारा थकवा यांबद्दलही समितीने चिंता व्यक्त केली.

सरकारची बाजूही येथे लक्षात घ्यायला हवी. २०२२ ते २०२४ या काळात डीजीसीएमध्ये चारशेहून अधिक नवी पदे निर्माण करण्यात आली. त्यामुळे रिक्त जागांचा टक्का काही अंशी फुगलेला दिसतो. पण मंजूर पद हे कागदावरचे पद असते. विमानतळाला परवाना देण्यापूर्वी धावपट्टीची पाहणी करणारा निरीक्षक कागदावरच राहिला, तर तपासणीची तारीख पुढे जाते आणि प्रकल्पाच्या विलंबात आणखी एक कडी जोडली जाते.

सुरक्षा व्यवस्थेत काटकसरीचाही प्रयोग झाला. सीआयएसएफची ३,०४९ विमानतळ सुरक्षा पदे रद्द करून त्यांच्या जागी १,९२४ खासगी सुरक्षा कर्मचारी नेमण्याची योजना २०२२ मध्ये पुढे आली. शस्त्रधारी जवानाने रांग लावण्यासारखी कामे करू नयेत, हा त्यामागचा तर्क चुकीचा नव्हता. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर प्रवाशांची अशी कोंडी झाली की वाढीव जवान, वाढीव एक्स-रे यंत्रे आणि गर्दीच्या वेळच्या उड्डाणांचे फेरनियोजन असे उपाय घाईघाईने योजावे लागले. हवाई प्रवासाची मागणी करोनानंतर उसळी घेणार, हे दिसत असताना मनुष्यबळाचा अंदाज मात्र कमी धरला गेला होता.

विमान कंपन्याही याला अपवाद नाहीत. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तासांची सलग विश्रांती आणि रात्रीच्या उतरणीवर मर्यादा घालणाऱ्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. देशातील सर्वांत मोठ्या इंडिगो कंपनीची तयारी अपुरी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजारांहून अधिक. सरकारने कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट दिली आणि वेळापत्रकात दहा टक्के कपातही करायला लावली. नवी मुंबई विमानतळ त्यानंतर तीनच आठवड्यांनी सुरू झाला. नव्या धावपट्टीने उड्डाणांना जागा मिळते; वैमानिक मिळत नाहीत, हे यापेक्षा ठळकपणे कोणी सांगू शकले नसते.

हात अनेक, प्रशिक्षित माणसे थोडी

मग देशात माणसांची वानवा आहे का? लोहगावचे नवे टर्मिनल सुरू झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जुलै २०२४ रोजी, मुंबईत कलिना येथे एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसच्या भरतीसाठी हजारो तरुण जमले. जमिनीवरील हमालीवजा कामांच्या दोन हजारांहून अधिक जागा होत्या. गर्दी इतकी उसळली की चेंगराचेंगरीची भीती निर्माण झाली आणि उमेदवारांना अर्ज देऊन परत जायला सांगावे लागले. एकीकडे मनुष्यबळाअभावी टर्मिनल चार महिने बंद राहते आणि दुसरीकडे त्याच क्षेत्रातील साध्या नोकरीसाठी पदवीधरांची झुंबड उडते. टंचाई हातांची नाही. मंजूर पदांची, पडताळणी झालेल्या, प्रशिक्षित आणि कामात टिकून राहणाऱ्या माणसांची आहे.

बांधकामावरील कामगारांबाबतही असाच विरोधाभास आहे. लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी २०२४ मध्ये आपल्या कंपनीला २५ ते ३० हजार मजुरांची कमतरता भासत असल्याचे सांगितले होते. नवी मुंबई विमानतळाचे बांधकाम याच कंपनीकडे होते. पेरणी, कापणी, सण आणि निवडणुका या काळात परप्रांतीय मजूर गावी जातो आणि २०२० च्या टाळेबंदीत पायी घरी गेलेल्यांपैकी अनेकांना महानगराचा भरवसा राहिलेला नाही. राहण्याची बरी सोय, वेळेवर मजुरी आणि सुरक्षितता यांवर खर्च केला, तर मजूर टिकतो. हा खर्च वाचवणारा कंत्राटदार पुढे मुदतवाढ मागतो.

वेतनाचा प्रश्न केवळ भारतातलाच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर सुरक्षा तपासनिसांअभावी रांगा टर्मिनलबाहेर गेल्या. विमानतळाने प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि कर्मचाऱ्यांना तासाला ५.२५ युरो जादा भत्ता दिला. उन्हाळा सरला, भत्ता कमी झाला आणि सप्टेंबरमध्ये रांगा पुन्हा लागल्या. त्याच महिन्यात विमानतळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. हंगामी मलमपट्टीने माणसे येतात, टिकत नाहीत.

नवी मुंबईच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. उलवे-पनवेल पट्ट्यातील प्रकल्पग्रस्तांनी जमीन दिली. त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडाची योजना लागू झाली. परंतु पुढच्या पिढीला विमानतळावर नोकऱ्या मिळाव्यात, ही मागणी सातत्याने होत राहिली. भूमिपूजनापासून पहिल्या उड्डाणापर्यंत जवळपास आठ वर्षे गेली. एवढा अवधी शाळकरी मुलाला विमान देखभाल तंत्रज्ञ किंवा अग्निशमन कर्मचारी बनवायला पुरेसा आहे. प्रकल्पाचा विलंब टाळता येत नसेल, तर निदान तो काळ स्थानिक तरुणांच्या पद्धतशीर प्रशिक्षणासाठी वापरता येतो. विमानतळाजवळ राहणारा कर्मचारी रात्रपाळीला सहज पोहोचतो आणि नोकरी सोडून जाण्याची शक्यताही कमी असते. उपनगरी गाड्या मध्यरात्रीनंतर काही तास बंद असताना चोवीस तास चालणाऱ्या विमानतळासाठी ही बाब किरकोळ नव्हे.

उपाय काय?

पहिला उपाय कागदावर सोपा आहे. प्रकल्प अहवालात जसा सिमेंटचा आराखडा असतो, तसाच मनुष्यबळाचा आराखडा अनिवार्य करावा आणि पदमंजुरी बांधकामाच्या टप्प्यांशी जोडावी. इमारतीचा सांगाडा उभा राहिला की पदे मंजूर, छत पडले की भरती, यंत्रे बसू लागली की प्रशिक्षण, असा क्रम ठरला तर कोणत्याही खात्याला आयत्या वेळी जाग येण्याचे कारण उरणार नाही. गृह, अर्थ, आरोग्य आणि नागरी हवाई वाहतूक या मंत्रालयांचा एकच समन्वय अधिकारी प्रत्येक मोठ्या प्रकल्पासाठी असावा आणि विलंब झाल्यास तो कोणाच्या टेबलावर झाला, हे त्याने जाहीर करावे.

दुसरा उपाय बर्लिनच्या पेचावरचा. बांधकाम लांबले तर नेमलेल्या माणसांचे काय, या भीतीने पदे अडवून धरण्याऐवजी त्यांना तोवर जवळच्या चालू विमानतळावर काम द्यावे. नवी मुंबईसाठी घेतलेला जवान काही महिने मुंबईत, पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळासाठी निवडलेला कर्मचारी लोहगावला काम करू शकतो. ठिकाणानुसार पात्रता लागत असल्याने नियंत्रकांबाबत हे तितके सोपे नाही. परंतु सुरक्षा, अग्निशमन आणि ग्राउंड हँडलिंग यांत ते निश्चित शक्य आहे. चालू विमानतळांनाही अशा जादा हातांची गरज आहेच. पैशाचा प्रश्न म्हणाल, तर प्रवासी त्यासाठी आधीच पैसे मोजतो. देशांतर्गत प्रवासावरील विमान सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१ मध्ये प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये करण्यात आले.

तिसरा उपाय राजकीयदृष्ट्या सर्वांत कठीण. चाचणी आणि सरावाचे दिवस अस्पर्श मानावेत. बांधकाम महिनाभर लांबले, तर उद्घाटनही महिनाभर लांबलेच पाहिजे. आज नेमके उलट घडते. तारीख नेत्याच्या दौऱ्यावरून आणि निवडणुकीच्या आचारसंहितेवरून ठरते, मग सगळी यंत्रणा त्या तारखेमागे धावते. १० मार्च २०२४ रोजी लोहगावसह देशभरातील अनेक टर्मिनलांचे उद्घाटन एकाच समारंभात झाले आणि त्यानंतर आठवडाभरातच लोकसभा निवडणूक जाहीर झाली, हा क्रम बोलका आहे. बंगळूरच्या दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन ११ नोव्हेंबर २०२२ रोजी झाले आणि देशांतर्गत उड्डाणे १५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना सप्टेंबर २०२३ उजाडला. फीत कापणे आणि सेवा सुरू होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे जनतेला आधीच सांगितले तर निराशाही कमी होते.

चौथा उपाय पारदर्शकतेचा. बांधकाम किती टक्के झाले, याची आकडेवारी मंत्री उत्साहाने जाहीर करतात. तिच्या शेजारीच किती पदे मंजूर, किती भरलेली, किती जणांचे प्रशिक्षण पूर्ण, हे आकडेही प्रसिद्ध झाले पाहिजेत. प्रवाशाला तासभर आधी यायचे की तीन तास, हे शेवटी त्याच आकड्यांवरून ठरते.

पुरंदर येथील विमानतळासाठी जमिनीचा प्रश्न २०२५ मध्ये ऐरणीवर आला. तेथील शेतकऱ्यांचा विरोध, मोबदला आणि पुनर्वसन यांवर चर्चा होणे स्वाभाविक व आवश्यकही आहे. परंतु ज्या दिवशी त्या जागेचा नकाशा अंतिम होईल, त्याच दिवशी तेथे कोणकोणत्या खात्याची किती माणसे लागतील, त्यांना कोण शिकवणार आणि ती कुठे राहणार, याचाही तक्ता तयार व्हायला हवा. लोहगावच्या १२६ दिवसांनी पुणेकरांना हे शिकवले आहे. ते सरकारी खात्यांनाही कळले की नाही, याचे उत्तर पुढच्या टर्मिनलची फीत कापल्यावर त्याचे दार किती दिवसांनी उघडते, यावरून मिळेल.